मुक्या खिंडीतली हाक

खिंडीच्या तोंडाशी आल्यावर नकोशीनं नातीला फोन बंद करायला लावला. आवाज कमी करून भागणार नव्हतं, पार बंद. मग तिनं काठीला बांधलेलं घुंगरू मुठीत आवळलं, पदराचं टोक दातात धरलं आणि वैष्णवीकडं बघून नुसती मान हलवली. तिथून पुढं दोनशे पावलं दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवर जो कोरडा माळ आहे, त्यात एक बुटकी डोंगररांग आडवी पडलीय. तिला एकाच जागी फट आहे. दोन्ही अंगांना सात-आठ पुरुष उंच काळा खडक, आणि मधून बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. तीच मुकी खिंड. मासाळवस्तीचे धनगर दसरा झाला की मेंढरं घेऊन हिच्यातूनच पश्चिमेला निघायचे. कोकणात उतरायचा घाट तिथून कैक मुक्काम लांब, पण घर सोडल्यावरचा पहिला उंबरा म्हणजे ही खिंड. आत बोलायचं नाही, हाक मारायची नाही, घोडीच्या गळ्यातल्या घंटेत लोकर कोंबायची, तान्ह्या पोराला छातीशी लावायचं. का, याची उत्तरं दहा होती. कुणी म्हणायचं आत पाण्याच्या देवी, आसरा, राहतात, कुणी म्हणायचं पूर्वी दरोडेखोर दबा धरून बसायचे. नकोशीची सासू सारजा मात्र एवढंच म्हणायची, "डोंगर झोपलाय. झोपू द्या."

वैष्णवी बारामतीत एका संस्थेत काम करत होती. जुन्या वाटा शोधायच्या, नकाशावर मांडायच्या, वाटेवरची पाण्याची ठिकाणं, मुक्कामाच्या जागा, सतीचे दगड नोंदवायचे, आणि या वाटा कुणी नांगरू नयेत, खोदू नयेत म्हणून सरकारदरबारी अर्ज करायचे, हे तिचं काम. तीन वर्षं ती मेंढरांच्या वाटेमागं लागली होती. मुकी खिंड हा त्या वाटेचा सगळ्यात देखणा तुकडा. म्हणूनच भादव्याचा पाऊस जरा थांबल्यावर ती आजीला घेऊन आली होती.

खिंड ओलांडून दोघी मागल्या अंगानं वर चढल्या. माथ्यावर नकोशी थबकली. बावीस वर्षांनी ती इथं आली होती. वस्तीला पाणी आलं, मेंढरं विकली, माळावर डाळिंब आणि वांगी उभी राहिली, तेव्हापासून वर यायचं कारणच उरलं नव्हतं.

"हितं चर हुता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दसऱ्याच्या आदी आमी सगळ्या बाया येऊन उपसायचो. वरचं पाणी त्या ओघळीत काढून द्यायचो. आता बग, बुजून गेलाय. सगळं पाणी ह्या भेगंत."

भेग कडेपासून हातभर आत होती. माथ्यावरून ती लांबच लांब गेलेली, मांजर बसेल एवढी रुंद. वैष्णवीनं वाकून बघितलं. आतून गार, मातकट वास येत होता.

"आणि सांगत होतीस तो दगड?"

"आत्तीचं, तुज्या पणजीचं काम हुतं ते." नकोशीनं इकडंतिकडं बघून एक चपटा दगड उचलला. भेगेच्या दोन्ही ओठांवर त्याची टोकं जेमतेम टेकतील असा तो आडवा ठेवला. "असा ठेवायची. आन् निघायच्या दिवशी येऊन बगायची. दगड खाली पडला म्हंजी भेग वाढली. मग खिंडीतनं जायचं न्हाय. लांबच्या वळशानं जायचं, दोन दिस जास्ती गेलं तरी चालंल."

वैष्णवीनं त्याचे आठ-दहा फोटो काढले. "आज्जी, हे कुठंच लिहिलेलं नाही. खिंड कशी जपायची याचं शास्त्रच आहे हे."

"शास्तर कसलं. भ्या हाय."

आठ दिवसांनी नकोशी एकटीच वर गेली. दगड जागेवर नव्हता.

तिनं दुसरा ठेवला, पहिल्यापेक्षा चार बोटं लांब. पाचव्या दिवशी तोही गेला. भेगेत वाकून बघितलं तर खाली अंधारात दोन्ही दगड दिसत होते की नुसता भास होत होता, तिला कळेना. मात्र एक गोष्ट ध्यानात आली. खिंडीच्या काळ्या भिंतीत पाकोळ्यांची शेकड्यांनी घरटी असायची. त्या दिवशी एकही पाकोळी उडताना दिसली नाही.

उतरताना तिला मशिनची घरघर ऐकू आली. खिंडीच्या पश्चिमेच्या तोंडाशी, डोंगराच्या पायथ्याला, पोकलेन मुरूम काढत होतं. काळ्या खडकाच्या खाली गेरूसारख्या तांबड्या मातीचा थर असतो. त्या थरापर्यंत मशिनचे दात गेले होते. वरचा खडक पुढं आलेला, खाली ओली तांबडी खबदाड. डंपर रांगेत उभे.

अविराज तिथंच मोटरसायकलवर बसला होता. शेजारच्या गावचा, पस्तिशीतला, हसतमुख माणूस. रस्त्याच्या कामाला मुरूम पुरवायचा ठेका त्याच्याकडं होता. नकोशीला बघून तो उठून उभा राहिला.

"काकी, या वयात वर कशाला चढता? पाय घसरंल."

"आविराज, डोंगराच्या बुडाला हात लावू नगंस. वरची भेग सुटत चाललीया."

"काकी, कागद हायत माज्याकडं. डोंगराला कुठं हात लावलाय? ह्यो गट डोंगराच्या बाहीरचा हाय." तो हसला, तेही मनापासून. "आन् ह्यो डोंगर माज्या पणज्याच्या आदीपास्नं हितंच हाय. आपल्यामागंबी ऱ्हाईल."

नकोशी घराच्या वाटेला लागली. तिच्या डोक्यात एकच माणूस आला: रंगूबाई. सारजाची धाकटी जाऊ, नव्वदीला टेकलेली. तिनं सारजाबरोबर चाळीस वर्षं हा डोंगर चढला होता. पण रंगूबाई पावसाळाभर लेकीकडं वडगाव निंबाळकरला होती. एकदा जाऊन तिला विचारून यावं, असं नकोशीच्या मनात आलं. त्या आठवड्यात वांग्याचा तोडा होता. दुसऱ्या आठवड्यात डाळिंबाची फवारणी. जाणं राहून गेलं.

वैष्णवीच्या संस्थेचा कार्यक्रम घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ठरला. 'मेंढरांची वाट' असा फलक लावायचा, पाहुण्यांच्या हातानं त्याचं अनावरण, आणि मग खुद्द खिंडीत धनगरांचा गजी ढोल. संस्थेच्या प्रमुख योगिनीताई वाड्या-वस्त्यांवर स्वतः पायी फिरलेल्या; त्यांच्या मनात कुणाला डिवचायचं नव्हतं. ढोलाचा आवाज दोन भिंतींमध्ये कसा घुमेल, या नुसत्या कल्पनेनं त्या हरखल्या होत्या.

"त्या खिंडीत ढोल?" नकोशी नातीला म्हणाली. "तुला येड लागलंय का?"

"आज्जी, मी सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, कार्यक्रम झाला की लगेच भूगर्भाच्या माणसाला बोलवू. पत्रिका वाटून झाल्यात. तीन वर्षांचं काम आहे गं माझं. नोंद झाली की अविराजचं मशिनसुद्धा आपोआप थांबेल."

"नोंद झाल्यावर?"

वैष्णवीनं फोन उचलला आणि पाहुण्यांची यादी तपासायला लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच नकोशी खिंडीच्या पूर्वेच्या तोंडाशी जाऊन बसली. बरोबर दीर होता, बिरदेव, त्याच्या चौसष्ट मेंढरांसह. वस्तीत अजून मेंढरं राखणारा तो एकटाच. त्यानं कळप वाटेत असा आडवा बसवला की माणसाला पाय टाकायला जागा राहिली नाही. गाड्या आल्या, पाहुणे आले, ढोलवाले आले. लोकांनी समजावलं, कुणी दम दिला. नकोशी उठली नाही. ऊन चढल्यावर योगिनीताई स्वतः तिच्याशेजारी खाली बसल्या.

"काकू, तुम्हाला नक्की वाटतं का, डोंगर पडेल?"

"नक्की कसं सांगू? वाटतंय एवढंच ठावं."

योगिनीताईंनी थोडा विचार केला आणि ढोल बाहेर माळावर वाजवायला सांगितला. दीड तास ढोल वाजला. माळ दणाणला. सगळे अधूनमधून डोंगराकडं बघत होते. एक खडासुद्धा हलला नाही. जाताना एक पाहुणा हसत म्हणाला, "आजीबाईंनी डोंगर धरून ठेवला बुवा," आणि सगळ्या गाड्यांमध्ये ते हसू पोचलं. वैष्णवी हसली नाही, पण ती आजीशी बोललीही नाही. फलक गुंडाळून तिनं गाडीत टाकला.

संध्याकाळपर्यंत वस्तीवरची पोरंटोरंसुद्धा नकोशीला बघून एकमेकांच्या कानाला हात लावत होती. "ऐकू येतंय का रं, डोंगर काय म्हणतोय?"

नकोशीनं कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिसरा दगड ठेवला होता, ह्या खेपेला भेगेच्या ओठांमधल्या खाचेत हलकाच टेकवलेला. चार दिवसांनी ती वर गेली. दगड होता. नवव्या दिवशी गेली. दगड होता. तिनं हात घालून तो हलवून बघितला, हलेना. दोन्ही हातांनी ओढला. दगड जणू सांध्यात बसवल्यासारखा घट्ट. भेगही जरा मिटल्यासारखी वाटत होती. नकोशी तिथंच मटकन खाली बसली. छातीवरचं ओझं उतरल्यावर माणसाला जसं रडू येतं तसं तिला आलं. पाऊस थांबला होता, माती सुकत होती, डोंगर जागेवर बसला होता. एवढे दिवस आपण म्हातारपणाच्या भीतीनं नातीचा कार्यक्रम मोडला, चारचौघांत तिला मान खाली घालायला लावली, असं तिच्या मनानं घेतलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला बिरदेव आला. ओट्यावर टेकून त्यानं विचारलं, "वैनी, उद्या निघायचं म्हन्तोय. खिंडीतनं जाऊ, का वळसा घालू? वळशाला आता समदा ऊस. बकऱ्यानं एक पान खाल्लं तरी लोक काठ्या घिऊन धावत्यात. पण तू न्हाय म्हनलीस तर जात न्हाय."

नकोशीनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. साठी ओलांडलेला, वाळक्या खोडासारखा माणूस. भाऊ गेल्यापासून तिच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता.

"जा खिंडीतनं," ती म्हणाली. "दगड बसलाय घट्ट. काय हुत न्हाय."

वैष्णवीचाही रुसवा तोवर उतरला होता. मेंढरं निघताना त्यांचं चित्रण करायला ती मुक्कामाला आली होती. सकाळी दिवस कासराभर वर आल्यावर बिरदेव कळप घेऊन निघाला, मागून वैष्णवी कॅमेरा घेऊन. "फोन बंद कर बरं का खिंडीत," नकोशीनं तिला बजावलं. "केलासुद्धा," असं म्हणून वैष्णवी हसली.

दोघं नजरेआड झाली आणि अर्ध्या घटकेत वडगाव निंबाळकरहून जावयाची पिकअप वस्तीत आली. रंगूबाईला चौघांनी उचलून ओट्यावर ठेवलं. नकोशीनं चहा दिला, पाय चेपले, आणि इकडचं-तिकडचं बोलता बोलता आनंदानं सांगायला लागली, "आत्ती, सारजाआत्तीसारखा दगड ठिवला म्या भेगंवर. पहिलं दोन पडलं. तिसरा मातर बसला बगा. वढला तरी निगंना."

रंगूबाईनं हातातली बशी खाली ठेवली. "काय म्हनलीस? निगंना?"

"न्हाय. पाचर मारल्यागत बसलाय."

"भेग मिटली?"

"व्हय, जराशी."

म्हातारीनं आपले पाय नकोशीच्या हातातून ओढून घेतले. "अगं, दगड पडला तर डोंगर हालतोय म्हनायचं," रंगूबाई म्हणाली. "पन दगड आवळला तर डोंगराचं बूड सरकलं म्हनायचं. खालनं पाय निसटला की वरचं डोकं मागं टेकतं. सारजा पडल्या दगडाला भ्याची न्हाय. आवळल्या दगडाला भ्याची. तुला सांगितलं न्हाय व्हय तिनं?"

कुणी सांगितलं नव्हतं. नकोशी चर उपसायला जायची; दगडाशी फक्त म्हाताऱ्या जात. अर्धं ती बघून शिकली होती आणि तेच पुरं म्हणून धरलं होतं.

तिनं वैष्णवीला फोन लावला. बंद. तिनंच करायला लावलेला. बिरदेवकडं फोन नव्हता. डेअरीचं दूध गोळा करणारा सूरज कॅन बांधून निघाला होता. नकोशी त्याच्या गाडीसमोर आडवी झाली. "खिंडीकडं चल!" सूरजनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि कॅन तिथंच उतरवून ठेवले.

माळावरच्या वाटेवर गाडी उडत होती. नकोशी त्याच्या पाठीला धरून बसली होती आणि तिला सारखं वाटत होतं, अजून वाईट बातमी नाही म्हणजे अजून काही झालं नाही. खिंडीच्या पूर्वेच्या तोंडाशी ती उतरली तेव्हा आत सगळं शांत होतं. कळपाची शेपटी खिंडीच्या मध्यावर दिसत होती. शेवटी वैष्णवी, एका हातात कॅमेरा, दुसऱ्या काखेत मागं राहिलेलं कोकरू. पार पुढं, पश्चिमेच्या उजेडात, बिरदेवचं मुंडासं.

मेंढरं चालत नव्हती. उभी होती. चाळीस-पन्नास मेंढरं एका जागी उभी आहेत आणि एकही बें म्हणत नाही, असं नकोशीनं जन्मात बघितलं नव्हतं. भिंतीवरून कुठूनतरी बारीक माती सांडत होती. पोत्याला भोक पडून ज्वारी सांडावी तसा आवाज येत होता.

हाक मारायची नाही, हे तिच्या हाडात होतं. सून म्हणून आल्यापासून या खिंडीत तिच्या तोंडातून श्वासाखेरीज काही निघालं नव्हतं. पायांनी जाऊन गाठायचं तर शंभर पावलं. तिनं पाच पावलं टाकली आणि मग तिच्या पोटातून हाक आली, दोन्ही भिंतींना आपटून चौपट झालेली.

"वैष्णवे! माघारी! बिरदेव, पळ!"

वैष्णवी वळली. आजीचा चेहरा बघितला आणि कोकरासकट पळत सुटली. बिरदेवला मागं यायला वाट नव्हती. तो पुढं पळाला. मग उत्तरेकडची भिंत बसली. पडली नाही, बसली. म्हातारं जनावर पुढचे पाय दुमडून बसावं तशी, आणि बसता बसता पुढं कलंडली. आवाज नंतर आला. धुळीत नकोशीला नातीचा हात लागला तेव्हा तो हात कुणाचा हे तिला कळायलाही वेळ लागला.

पश्चिमेच्या बाजूला बिरदेवचा उजवा पाय गुडघ्याखाली एका शिळेत सापडला होता. त्याला बाहेर काढलं ते अविराजनं. त्यानं स्वतः पोकलेनवर बसून ती शिळा उचलली, इतक्या हळू की खालचा खडा हलू नये, आणि मग खाली उतरून दोन्ही हातांनी दगड बाजूला करत राहिला. त्याची नखं फुटली होती.  एकतीस मेंढरं ढिगाऱ्याखाली राहिली. खिंड मध्यावर पार बुजली.

तिसऱ्या दिवशी पंचनामा झाला. अतिवृष्टीमुळे दरड कोसळली, असं लिहिलं गेलं. मुरमाच्या खड्ड्याचा शब्दही नव्हता. आणि त्याच आठवड्यात चहाच्या टपऱ्यांवर एक वेगळीच गोष्ट फिरायला लागली: नकोशीनं खिंडीत हाक मारली म्हणून डोंगर जागा झाला. ढोलानं नाही हलला, तिच्या हाकेनं हलला. ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली हे कळलं नाही, पण अविराज ती खोडत नाही हे सगळ्यांनी बघितलं. बायका नकोशीशी बोलताना तिच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघायला लागल्या. वस्तीतल्या एका नव्या सुनेनं तर तिला बघून तान्ह्या पोराला पदराखाली घेतलं.

वैष्णवीच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. तिनं ते बघितलं, पण आजीला दाखवलं नाही. शेवटी नकोशीनंच विचारलं.

"माती आधी सांडत होती आज्जी," वैष्णवी म्हणाली. "तू यायच्या आधीपासून. आणि मशिननं पार बुडापर्यंत खोदलेलं आदल्या दिवशी मी पलीकडून घेतलेल्या चित्रात स्वच्छ दिसतंय. मी आणि योगिनीताई ते तहसीलमध्ये देणार आहोत."

"माती आदी. पन भिंत?"

वैष्णवीनं खाली बघितलं. "भिंत हाकेनंतर."

नकोशी बारामतीला दवाखान्यात गेली. बिरदेवचा पाय गुडघ्याखाली काढला होता. तो छताकडं बघत पडला होता. ती खाटेशेजारी उभी राहिली.

"म्याच तुला जा म्हनलं," ती म्हणाली. "आन् म्याच हाक मारली."

बिरदेवनं मान वळवली. "मला कुटली हाक ऐकू आली न्हाय वैनी. दगडाचा आवाज आला, म्हनून पळालो."

तो खरं बोलत होता की तिच्यासाठी बोलत होता, हे नकोशीला कळलं नाही.  मग तो म्हणाला, "राहिलेली बकरी उपाशी मरतील हितं. माळावर गवत न्हाय आता."

"म्या नेते," नकोशी म्हणाली.

घरात पोरानं, सुनेनं कितीतरी समजावलं. वांगी तोडायला कोण, तुझं वय काय, लोक काय म्हणतील. नकोशीनं घोंगडं घेतलं, बिरदेवची काठी घेतली. खिंड बुजलेली; जायचं तर लांबच्या वळशानंच, कालव्याच्या खालच्या उसाच्या पट्ट्यातून. पहिले दोन मुक्काम तरी सोबत चालायचं आणि ही वाट नकाशावर घ्यायची म्हणून वैष्णवी निघाली. अर्ज तहसीलमध्ये पडला होता. मुरमाचं मशिन थांबलं होतं, निदान त्या बाजूला. डोंगराच्या दक्षिणेच्या सोंडेवर कुणीतरी खोदाईच्या आखणीच्या, फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून गेलं होतं, हे दोघींनीही वाटेत बघितलं; वैष्णवीनं त्यांचा फोटो काढून घेतला.

दुपारच्या सुमारास ऊस सुरू झाला. दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला, मधून चिंचोळी पाणंद. भवानीनगरच्या कारखान्याचं धुराडं लांबवर दिसत होतं. पाणंदीच्या तोंडावर चार माणसं काठ्या घेऊन उभी होती. मेंढरांचा आवाज त्यांना आधीच गेला असणार.

"माघारी फिरवा," त्यांतला थोराड माणूस म्हणाला. "हितनं मेंढरं जात न्हाईत. गेल्या साली—" आणि तो मध्येच थांबला. नकोशीकडं निरखून बघत त्यानं आवाज उतरवला. "तुमी मासाळवस्तीच्या का? खिंडीतल्या?"

"व्हय."

"हाक मारलेल्या?"

नकोशीनं मान हलवली.

चौघांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं काठी खाली टेकवली. दुसरा उसाच्या कडेला सरकला, इतका मागं की पानं त्याच्या पाठीला लागली. थोराड माणूस हात जोडावेत की नाही अशा बेतानं उभा राहिला. "जावा," तो म्हणाला. "पन हितं काय बोलू नगा. तोंडातनं शबूद काडू नगा. आमचं लेकरू-बाळ हाय, इहिरीचं काम चालू हाय. निगा गुमान."

वैष्णवी पुढं झाली. "अहो काका, तसं काही नाहीये. मुरूम काढल्यामुळं डोंगराचं बूड—"

नकोशीनं तिचं मनगट घट्ट धरलं. सांगायचं तर तिलाही होतं. पाण्याचं, बुजलेल्या चराचं, तांबड्या मातीत गेलेल्या मशिनच्या दातांचं, आणि सगळ्यात आधी हे, की तिला अर्धंच ठाऊक होतं. पण ही माणसं तिला सोडत होती ती भीतीनं. भीती गेली की काठ्या पुन्हा वर आल्या असत्या, आणि पाठीमागं तेहतीस उपाशी मेंढरं उभी होती.

तिनं पदराचं टोक दातात धरलं आणि पहिल्या मेंढीच्या पाठीवर काठी टेकवली. कळप पाणंदीत शिरला. माणसं श्वास रोखून बाजूला उभी राहिली. ऊस संपून माळ लागेपर्यंत कोसभर अंतर होतं. बांधाबांधावर माणसं बाहेर येत होती, कुणी न सांगता बाजूला होत होती, बायका पोरांच्या कानांवर हात ठेवत होत्या. एकानंही मेंढराला काठी मारली नाही. वैष्णवी मागून चालताना रडत होती. नकोशीनं एकदाही मागं वळून बघितलं नाही, आणि तिच्याशी कुणी बोलायला आलं नाही.